व्यत्ययाला वळण लावणारे डाइकस्ट्रा

संगणकशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात एड्सगर डाइकस्ट्रा हे नाव दोन-तीन ठिकाणी तरी भेटतेच. दोन गावांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची त्यांची रीत अभियांत्रिकीचा विद्यार्थी फळ्यावर मांडून दाखवतो. मोबाईलमधील नकाशा आपल्याला मार्ग सुचवतो, त्याच्या मुळाशीही त्याच रीतीची पुढची रूपे आहेत. पण या डच गणितज्ञाच्या आयुष्याला दिशा देणारा प्रश्न रस्त्यांचा नव्हता. काम करीत असलेल्या यंत्राला मध्येच कोणी हाक मारली, तर ते काम न बिघडता ती हाक ऐकायची कशी, असा तो प्रश्न होता. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी या प्रश्नाने त्यांची झोप उडवली आणि त्याचे उत्तर शोधता शोधता त्यांनी जे विचार मांडले, त्यांचा माग आजच्या प्रचंड डेटा सेंटरांपर्यंत काढता येतो.

डाइकस्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ आणि शिक्षक. डच रसायनशास्त्र संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले होते. आईने गणिताचे शिक्षण घेतले होते, मात्र नोकरी कधी केली नाही. कमीत कमी पायऱ्यांत, नेटकेपणाने उत्तर काढण्याची आवड आपल्याला आईकडून मिळाली असे डाइकस्ट्रा मानत. शाळेत असताना कायद्याचे शिक्षण घेऊन संयुक्त राष्ट्रसंघात देशाचे प्रतिनिधित्व करावे असे त्यांच्या मनात होते. प्रत्यक्षात १९४८ मध्ये ते लायडेन विद्यापीठात दाखल झाले आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे वळले. १९५१ मध्ये वडिलांच्या पाहण्यात एका विज्ञान नियतकालिकातील जाहिरात आली. केंब्रिज येथे एडसॅक नावाच्या संगणकावर आज्ञावली कशी लिहावी, याचा तीन आठवड्यांचा वर्ग भरणार होता. मुलगा गेला. परत आला तेव्हा ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरचे आद्रियान व्हान वाइनगार्डन यांनी त्याला नोकरी देऊ केली. मार्च १९५२ पासून डाइकस्ट्रा तेथे काम करू लागले आणि नेदरलँड्समधील पहिले प्रोग्रामर ठरले.

त्या सेंटरमध्ये यंत्र बांधणारे दोघे होते, ब्राम लूपस्ट्रा आणि कारेल शोल्टेन. कामाची वाटणी अशी, की यंत्राची प्रत्येक आज्ञा काय करील हे डाइकस्ट्रा यांनी आधी कागदावर नेमके लिहून काढायचे. मग ते दोघे त्याबरहुकूम यंत्र बांधणार आणि त्याच वेळी डाइकस्ट्रा त्यावर चालायच्या आज्ञावल्या लिहिणार. हे हस्तलिखित दोन्ही बाजूंचा करारनामाच असे. यंत्र तयार नसल्यामुळे आज्ञावली चालवून पाहण्याची सोय नव्हती. ती बरोबर आहे की नाही हे केवळ विचार करून ठरवावे लागे. पुढे आयुष्यभर डाइकस्ट्रा ज्या काटेकोरपणासाठी ओळखले गेले आणि काहींना नकोसेही वाटले, त्याचे मूळ या सक्तीत आहे असे मला वाटते.

हे काम आयुष्यभर करण्याजोगे आहे का, याविषयी मात्र त्यांच्या मनात बराच काळ संशय होता. भौतिकशास्त्राला परंपरा होती, प्रतिष्ठा होती. आज्ञावली लिहिण्याला काय होते? १९५५ मध्ये त्यांनी ही शंका व्हान वाइनगार्डन यांच्याजवळ बोलून दाखवली. संगणक आता येथून जाणार नाहीत, आपण केवळ आरंभाला उभे आहोत आणि या कामाला शास्त्राचे रूप देणारा माणूस तूच का असू नयेस, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. पुढच्याच वर्षी आरमॅक हा संगणक जाहीर प्रात्यक्षिकासाठी सज्ज झाला. सामान्य पाहुण्यांना समजेल असा एखादा प्रश्न त्यासाठी हवा होता. नियोजित वधूबरोबर ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेच्या गच्चीवर कॉफी घेत असताना डाइकस्ट्रा यांना जवळच्या रस्त्याची ती सुप्रसिद्ध रीत वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीविना सुचली. १९५७ मध्ये रिया डेबेट्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहनोंदणीच्या अर्जावर त्यांनी व्यवसाय म्हणून प्रोग्रामर असे लिहिले, तेव्हा असा व्यवसायच अस्तित्वात नाही असे सांगून नगरपालिकेने ते नाकारले. अखेर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असे लिहावे लागले.

याच सुमारास लूपस्ट्रा आणि शोल्टेन नव्या यंत्राची आखणी करीत होते. एका विमा कंपनीच्या पाठबळावर इलेक्ट्रोलॉजिका ही संस्था उभी राहिली होती आणि तिचा एक्स-१ हा ट्रान्झिस्टरांवर चालणारा संगणक बाजारात यायचा होता. त्या काळच्या यंत्रांची अडचण अशी, की गणित करणारा भाग सेकंदाला हजारो बेरजा करी, पण टंकयंत्र सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे उमटवी. एक अक्षर उमटेपर्यंत सारा संगणक हात बांधून उभा राहत असे. यावर त्या दोघांनी उपाय काढला. अक्षर उमटवण्याची आज्ञा देऊन संगणकाने आपले पुढचे काम करावे आणि टंकयंत्र मोकळे झाले की त्याने एक विद्युत्-संकेत पाठवून संगणकाला हातातले काम थांबवायला लावावे. संगणकाने पुढचे अक्षर द्यावे आणि थांबलेल्या कामाकडे परत जावे. या संकेताला इंटरप्ट म्हणतात. मराठीत आपण त्याला व्यत्यय म्हणू.

ही कल्पना ऐकून डाइकस्ट्रा आनंदित होण्याऐवजी घाबरले. रात्रींमागून रात्री त्यांना झोप लागली नाही आणि या योजनेला संमती देणे ते कित्येक आठवडे टाळत राहिले.

त्यांची भीती अनाठायी नव्हती. मजकूर तपासताना फोन वाजला, तर आम्ही उपसंपादक ज्या ओळीवर असू तिच्यावर बोट ठेवतो, बोलणे उरकतो आणि तेथूनच पुढे वाचू लागतो. बोट ठेवायला विसरलो, तर एखादी ओळ सुटते. संगणकाचेही असेच आहे. व्यत्यय आला की त्या क्षणी कोणती आज्ञा चालू होती, कोणत्या खणात कोणता आकडा होता, हे सारे जपून ठेवावे लागते आणि परत येताना जसेच्या तसे मांडावे लागते, इतके की थांबवलेल्या आज्ञावलीला आपण थांबलो होतो याचा पत्ताही लागू नये. आता हा व्यत्यय केव्हा येईल? कोणत्याही दोन आज्ञांच्या मध्ये येऊ शकतो. टंकयंत्राचा दांडा किंचित हळू चालला, तर तो एक आज्ञा उशिरा येतो. जपणुकीच्या त्या कामात कोठे बारीकशी चूक राहिली असेल, तर ती लाखातून एखाद्या वेळी, व्यत्यय नेमक्या त्याच फटीत आला तरच प्रकट होणार. पुन्हा तीच आज्ञावली चालवून पाहावी, तर सर्व काही सुरळीत! तोपर्यंत संगणक निदान इतका तरी विश्वासाचा होता, की तेच काम पुन्हा दिले तर तीच चूक पुन्हा दिसे. व्यत्ययाने हा विश्वास काढून घेतला. दोष यंत्राचा की आज्ञावलीचा, हेही मग सांगता येणार नव्हते.

लूपस्ट्रा आणि शोल्टेन यांनी अखेर त्यांची समजूत घातली. त्यात स्तुतीचाही वाटा होता. हे काम अवघड आहे हे खरे, पण ते जमेल तर तुलाच, असा त्यांचा सूर होता. डाइकस्ट्रा राजी झाले, मात्र स्वतःच्या अटीवर. चाचण्यांनी हा प्रश्न सुटणार नाही, कारण फटी अगणित आहेत आणि चाचण्या मोजक्या. तेव्हा व्यत्यय कोणत्याही क्षणी आला तरी परिणाम एकच राहतो, हे तर्काने सिद्ध झाले पाहिजे. एक्स-१ मधील व्यत्यय सांभाळणारी आज्ञावली त्यांनी अशा रीतीने लिहिली. ती यंत्राच्या कायमस्वरूपी स्मृतीत, म्हणजे ज्या भागाला तेथे मृत स्मृती म्हणत त्यात, बसवायची होती. तेथे गेलेल्या आज्ञा नंतर सहज बदलता येत नसत. एका अर्थी छापखान्यातून बाहेर पडलेल्या अंकासारखीच ती स्थिती. १९५९ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठाने त्यांना ज्या प्रबंधावर डॉक्टरेट दिली, त्याचा विषय संगणकाशी होणारा हा संवादच होता.

पुढील वर्षी याप झोनेव्हेल्ड यांच्यासह त्यांनी एक्स-१ साठी अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर पूर्ण केला. तो होईपर्यंत दाढी करायची नाही असे दोघांनी ठरवले होते. काम संपल्यावर झोनेव्हेल्ड यांनी दाढी उतरवली, डाइकस्ट्रा यांनी ती अखेरपर्यंत ठेवली.

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. आता समोर एक व्यत्यय नव्हता, अनेक होते. टंकयंत्र, फीतवाचक, छपाईयंत्र, ड्रम, घड्याळ अशी प्रत्येक वस्तू आपापल्या वेळी हाक मारणार आणि आत एकाच वेळी अनेक कामे अर्धवट अवस्थेत असणार. अशा परस्परांवर अवलंबून असलेल्या, पण आपापल्या गतीने चालणाऱ्या कामांचा मेळ घालण्यासाठी त्यांनी सेमाफोर ही कल्पना मांडली. नाव रेल्वेतून घेतलेले. खांबावरचा हात आडवा असला की गाडी थांबायची आणि तो हलला की सुटायची, असे सिग्नल ज्येष्ठ वाचकांनी पाहिले असतील. डाइकस्ट्रा यांचा सेमाफोर म्हणजे यंत्राच्या स्मृतीतील एक पूर्णांक. त्यावर दोनच क्रिया करता येतात. एकीने तो एकाने वाढतो. दुसरीने तो एकाने कमी होतो. मात्र तो शून्य असेल, तर कमी करू पाहणाऱ्याने वाढ होईपर्यंत झोपून राहायचे. या दोन क्रियांना त्यांनी डच शब्दांवरून व्ही आणि पी अशी नावे दिली. त्यांपैकी पी साठी पुढे त्यांनी एक नवाच डच शब्द घडवला, त्यामुळे जगभरचे विद्यार्थी आजही या अक्षरांपाशी अडखळतात.

एवढ्याशा पूर्णांकात काय विशेष, असे वाटेल. विशेष हे, की त्याला स्मरणशक्ती आहे. समजा, एक काम ड्रमवरील मजकुराची वाट पाहत झोपणार आहे. झोपण्याचे ठरले, पण अजून डोळा लागलेला नाही, आणि नेमक्या त्या क्षणी मजकूर आल्याची हाक आली. ऐकायला कोणी झोपलेले नव्हते म्हणून हाक वाया गेली आणि काम मागाहून झोपी गेले. आता त्याला कोण उठवणार? हाक तर येऊन गेली. सेमाफोरमध्ये ही हाक आकड्याच्या रूपाने साठून राहते. झोपायला आलेले काम आधी आकडा पाहते, तो एक असतो, आणि ते न झोपताच पुढे जाते. हाक आधी आली की वाट पाहणारा आधी आला, याने काही फरक पडत नाही. १९५७ च्या त्या निद्रानाशाचे खरे उत्तर हे आहे.

या पायावर आइंडहोव्हनमध्ये इलेक्ट्रोलॉजिका एक्स-८ या यंत्रासाठी एक ऑपरेटिंग सिस्टीम रचली गेली. तंत्रविद्यापीठाच्या डच नावाच्या आद्याक्षरांवरून ती टी-एच-ई म्हणून ओळखली जाते. अर्धवेळ काम करणाऱ्या सहा जणांनी ती उभी केली. १९६७ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात गॅटलिनबर्ग येथे भरलेल्या परिषदेत डाइकस्ट्रा यांनी तिचे वर्णन वाचले आणि १९६८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. तिची रचना मजल्यांची होती. सर्वांत खालच्या मजल्यावर घड्याळाचे व्यत्यय आणि प्रोसेसरचा वेळ कोणाला द्यायचा याचा निर्णय. तो मजला ओलांडून वर आले की व्यत्यय दिसेनासा होतो. वरच्या प्रत्येक कामाला जणू आपला स्वतःचा प्रोसेसर आहे. खाली प्रत्यक्षात किती प्रोसेसर आहेत हे त्याने विचारायचे कारण उरत नाही. त्यावरच्या मजल्यावर ड्रम आणि मुख्य स्मृती यांचा व्यवहार लपवलेला, आणि त्याहून वर यंत्रचालकाच्या एकुलत्या एक टंकयंत्राचा. परिणामी प्रत्येक कामाला आपले खासगी टंकयंत्र असल्याचा भास होई. प्रत्येक मजला तपासून पक्का झाल्यावरच पुढचा चढवायचा, असा नियम होता. तपासणीत सापडलेल्या चुका साधारण पाचशे आज्ञांमागे एक अशा किरकोळ लेखनदोषांच्या निघाल्या आणि त्यांतील प्रत्येक दहा मिनिटांच्या आत हाती लागली. एकदाच दिसून नाहीशी होणारी चूक, जिची त्यांना सर्वाधिक धास्ती होती, तिला या रचनेत शिरायला वाट ठेवलेली नव्हती.

याच काळात, अटलांटिकच्या पलीकडे, आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात हाच भास अधिक पुढे नेला जात होता. तेथे सीपी-४० आणि मग सीपी-६७ या प्रणालींनी एका यंत्राच्या पोटात अनेक संपूर्ण आभासी संगणक उभे केले. प्रत्येकात स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टीम चालू शकत होती. हे डाइकस्ट्रा यांचे काम नव्हे आणि तसे सुचवणे अन्यायाचे होईल. गंमत अशी, की हे संगणक आयबीएमच्या ३६० या ज्या मालिकेवर उभे राहिले, तिच्याविषयी त्यांचे मत कमालीचे प्रतिकूल होते. यंत्राने बाहेरच्या उपकरणांशी कसे बोलावे, याची तिच्यातील मांडणी त्यांना मुळातच सदोष वाटे.

आज आपण बँकेचा व्यवहार करतो किंवा हे वृत्तपत्र पडद्यावर उघडतो, तेव्हा पलीकडे बहुधा असाच एखादा आभासी संगणक असतो. एका प्रोसेसरवर असे अनेक पाहुणे संगणक आळीपाळीने चालतात आणि त्यांची व्यवस्था हायपरवायझर नावाची आज्ञावली पाहते. जाळ्यावरून मजकूर आला की खरे नेटवर्क कार्ड खऱ्या प्रोसेसरला व्यत्यय देते. पण तो कोणत्या पाहुण्यासाठी आहे? पाहुणा या क्षणी चालू आहे की त्याची पाळी संपून तो बाजूला ठेवलेला आहे? की चालू आहे, पण नाजूक काम हाती असल्याने त्याने व्यत्ययांना दार लावून घेतले आहे? पूर्वी अशा प्रत्येक हाकेसाठी पाहुण्याला थांबवून, त्याची सारी अवस्था जपून हायपरवायझर पुढे येई, हाक कोणाची ते पाही आणि पाहुण्याला पुन्हा चालू करताना एक कृत्रिम व्यत्यय त्याच्या हाती ठेवी. सेकंदाला हजारो हाका येऊ लागल्या की निम्मे बळ या ये-जा करण्यातच खर्ची पडण्याची वेळ येई.

इंटेलने गेल्या दशकात प्रोसेसरमध्येच त्यावर सोय केली. प्रत्येक पाहुण्याच्या प्रत्येक आभासी प्रोसेसरसाठी स्मृतीत २५६ खुणांचा एक छोटा तक्ता असतो, व्यत्ययाच्या प्रत्येक क्रमांकाला एक खूण. हाक आली की त्या जागी खूण केली जाते. पाहुणा चालू असेल, तर प्रोसेसर त्याला न थांबवता ती हाक थेट पोचवतो. तो बाजूला ठेवलेला असेल, तर खूण तशीच राहते आणि त्याला जागे करण्याची सूचना हायपरवायझरकडे जाते. एका फटीत मात्र जपावे लागते. पाहुण्याला झोपवण्याचे ठरले आहे, पण तो अजून झोपलेला नाही, आणि तेवढ्यात खूण झाली तर? म्हणून झोपेची नोंद केल्यानंतर तक्ता पुन्हा एकदा पाहावा लागतो. ड्रमची वाट पाहणाऱ्या त्या कामाची अडचण शब्दशः हीच होती. फरक इतकाच, की खूण फक्त हाक आली एवढे सांगते. सेमाफोर ती किती वेळा आली हेही लक्षात ठेवतो.

आइंडहोव्हनमधील गट पुढे टिकला नाही. गणित विभागाला अशा कामाचे फारसे अगत्य नव्हते. १९६८ नंतरचा काही काळ डाइकस्ट्रा तीव्र नैराश्यात होते आणि त्यातून सावरता सावरता त्यांनी सुघटित आज्ञावलीवरील आपली टिपणे लिहिली. गो-टू या आज्ञेविरुद्धचे त्यांचे गाजलेले पत्र याच वर्षीचे. त्याचे भडक शीर्षक मात्र संपादक निकलाउस विर्थ यांनी दिलेले. (शीर्षके संपादक बदलतात आणि बोल लेखकाला लागतो, हा अनुभव सार्वत्रिक दिसतो.) १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांची जीभ तिखट होती. एखादी भाषा, एखादे यंत्र, सहकाऱ्याची एखादी सिद्धता त्यांना आवडली नाही, तर ते स्पष्ट लिहीत आणि कित्येकदा गरजेपेक्षा अधिक कठोरपणे लिहीत. त्यांच्या मतांतील काही आज एकांगी वाटतात.

१९७३ पासून बरोज कंपनीचे संशोधक म्हणून ते न्यूनन या गावी, घरातल्या अभ्यासिकेत बसूनच काम करीत. व्हॅन गॉगने बटाटे खाणाऱ्या कुटुंबाचे चित्र रंगवले ते हेच गाव. १९८४ मध्ये ते टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला गेले आणि १९९९ पर्यंत तेथे शिकवत राहिले. घरात दूरचित्रवाणी नव्हती, पियानो होता. लेख ते शाईच्या पेनाने, सुवाच्य अक्षरात लिहीत, त्यावर आपल्या नावाची आद्याक्षरे आणि क्रमांक घालीत आणि छायाप्रती काढून मित्रांना पाठवत. मित्र त्यांच्या प्रती काढत. अशी तेराशेहून अधिक टिपणे जगभर फिरली. आता त्यांची हस्तलिखिते टेक्सास विद्यापीठाने सर्वांसाठी खुली केली आहेत.

सत्तरीत आल्यावर त्यांनी ऑपरेटिंग सिस्टीमच्या आरंभकाळाच्या आठवणी लिहिल्या, ते टिपण क्रमांक १३०३. त्यात एक्स-१ च्या व्यत्ययाने उडालेली झोप त्यांनी मोकळेपणाने नोंदवली आहे. कर्करोगाचे निदान झाल्यावर २००२ च्या आरंभी ते पत्नीसह न्यूननला परतले. एप्रिलमध्ये, भूमितीतज्ज्ञ कॉक्सेटर यांच्या एका सिद्धतेविषयी, त्यांनी १३१८ क्रमांकाचे टिपण लिहिले. ते शेवटचे. ६ ऑगस्ट २००२ रोजी त्यांचे निधन झाले.